दगड नसलेला मुलूख

ब्राझीलमध्ये एक जुना विनोद आहे: आक्रे नावाचं राज्य मुळात नाहीच, आणि असलंच तर तिथे अजून डायनासोर हिंडतात. पेरू आणि बोलिव्हियाला खेटून, देशाच्या अगदी पश्चिम टोकाला असलेल्या या राज्याची लोकसंख्या २०२२च्या जनगणनेत जेमतेम सव्वाआठ लाख भरली. थट्टा व्हायचीच.

मला मात्र आक्रेची वेगळीच गोष्ट नवलाची वाटते. तिथे दगड नाही. रस्त्याला लागणारी खडीसुद्धा शेजारच्या रोन्दोनिया राज्यातून ट्रकने आणावी लागते. म्हणून गावोगावी गल्ल्यांत भाजक्या विटा पसरलेल्या दिसतात. पायाखाली सह्याद्रीचा काळा कातळ गृहीत धरणाऱ्या आपल्याला हे पटकन पचत नाही.

याचं कारण अँडीज. हा पर्वत वर उचलला जात असताना त्याच्या पूर्वेला अफाट दलदल पसरली होती. डोंगरावरून झिजून आलेला गाळ लाखो वर्षं तिथे साचत गेला. आजचं आक्रे म्हणजे बहुतांशी हाच गाळ. त्यातली चिकणमाती आपल्या काळ्या रानासारखीच वागते: पावसात फुगते, उन्हात भेगाळते. आडव्या जाणाऱ्या बीआर-३६४ महामार्गाची दर पावसाळ्यात दैना होते ती यामुळेच.

नद्यांना अशी जमीन म्हणजे मोकळं रानच. अडवायला खडक नाही, उतारही नाममात्र. वळणाच्या बाहेरचा काठ पाणी पोखरतं, आतल्या काठावर गाळ टाकतं, आणि वळण वाढत जातं. शेवटी एखाद्या पुरात नदी मधूनच वाट काढते, नि जुनं वळण नालाकृती सरोवर होऊन मागे राहतं. जुरुआ आणि पुरूस या नद्या जगातल्या सर्वाधिक नागमोडी नद्यांत मोडतात.

विनोदातला डायनासोरही याच ढासळत्या काठांत सापडतो, म्हणजे जवळपास. पुरूस नदीवरून नाव पडलेला पुरुसॉरस हा कायमन, मगरीचा चुलतभाऊ. नुसती कवटी जवळजवळ दीड मीटर, आणि अंगाची लांबी दहा मीटरच्या पुढे असावी असा अंदाज. डायनासोर संपून सुमारे साडेसहा कोटी वर्षं झाली. हा प्राणी मात्र अवघ्या ८० लाख वर्षांपूर्वी त्या दलदलीत दबा धरून बसायचा.

या जंगलात माणसांची रीघ लागली ती रबरासाठी. ईशान्य ब्राझीलमधल्या १८७७च्या दुष्काळातून निघालेले लोक इथे येऊन 'सेरिंगेरो' झाले. भल्या पहाटे निघायचं, दूरदूर उभ्या असलेल्या शे-दीडशे झाडांना एकामागून एक तिरपा छेद द्यायचा, खाली वाटी अडकवायची आणि पुन्हा त्याच वाटेने चीक गोळा करत परतायचं. मुलूख तेव्हा बोलिव्हियाचा. तंटे, बंडं, अल्पायुषी 'स्वतंत्र प्रजासत्ताक' असं सगळं होऊन १९०३मध्ये ब्राझीलने तो २० लाख पौंड आणि एका रेल्वेमार्गाच्या वचनावर मिळवला. पुढे गुरांच्या कुरणांसाठी जंगल तुटू लागलं, तेव्हा हेच सेरिंगेरो बायकापोरांसह करवतींसमोर उभे राहिले. त्यांचा पुढारी शिको मेंडिस याला २२ डिसेंबर १९८८ रोजी शापुरीत त्याच्या घराच्या दारात गोळी घातली गेली.

आणि त्या तुटलेल्या जंगलाखालून निघाले खंदक. विमानातून पाहिलं तर कुरणात कोणी प्रचंड परकार-पट्टी फिरवल्यासारखी वर्तुळं नि चौकोन दिसतात. अशा साडेचारशेहून अधिक आकृत्या सापडल्या आहेत. बऱ्याचशा शंभर ते तीनशे मीटर रुंद, त्यांचे चर दहा-अकरा मीटरपर्यंत रुंद. वस्तीच्या खुणा फारशा नाहीत, त्यामुळे ही जागा विधींची असावी असं मानतात. दगड नव्हता, म्हणून लोकांनी माती कोरली.

मग हे खंदक खणले गेले तेव्हा, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, इथे जंगल नव्हतं का? होतं. वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण मातीत टिकून राहतात. खंदकांजवळच्या मातीतले असे कण तपासल्यावर २०१७मध्ये दिसून आलं की तिथे हजारो वर्षं बांबूचं रान होतं. लोकांनी त्यात तेवढ्यापुरती छोटी मोकळी जागा केली, खणलं, आणि रान पुन्हा चढू दिलं.