अक्कलदाढ काढली की नजर जाते?

‘दाढ काढू नकोस, डोळ्याची नस तुटेल,’ हा सल्ला घरोघरी मिळतो. दाढेपाशी डोळ्याची नस नसतेच. दृष्टीची नस डोळ्याच्या मागून थेट मेंदूत जाते. भुलीच्या इंजेक्शनने अगदी क्वचित थोडा वेळ दोन-दोन दिसते, पण औषध उतरले की तेही थांबते.

खरी जोखीम खालच्या अक्कलदाढेची, आणि ती कुणी सांगत नाही. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस बोगद्यासारखी जाते; काहींच्या दाढेची मुळे तिला टेकलेली असतात. दाढ हलवताना नस दाबली गेली, तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर होते. दुसरी नस जिभेच्या बाजूला, हिरडीखालीच असते. ती दुखावली तर अर्धी जीभ बधिर, चवही कमी. दोन्ही नसा संवेदनेच्या, त्यामुळे तोंड वाकडे होत नाही.

बहुतेकांची बधिरता काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते. हनुवटीची कायम राहण्याचे प्रमाण साधारण १ टक्क्याहून कमी. मात्र ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत बोगद्याची पांढरी रेघ मुळापाशी तुटलेली किंवा मूळ तिथे काळपट दिसले, तर धोका वाढतो. मग सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन करावा. नस फारच चिकटलेली असेल, तर फक्त दाढेचा माथा कापून मुळे आत ठेवता येतात. कीड दाढेच्या आतल्या गाभ्यापर्यंत पोहोचलेली किंवा दाढ हलत असेल, तर मात्र नाही.

दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.