डावर म्हणजे हुंडा नव्हे, आणि मालकी तर नव्हेच

जुन्या अमेरिकेवरचा मराठी मजकूर तपासायला आला की दर चार पानांनी एक वाक्य हमखास भेटतं : ‘मार्था वॉशिंग्टनला पहिल्या नवऱ्याकडून हुंड्यात मिळालेले गुलाम’. (मार्था म्हणजे अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनची बायको.) नवऱ्याकडून हुंडा? लिहिणाऱ्याने डावर (dower) हा शब्द डाउरी (dowry), म्हणजे हुंडा, असा वाचला आणि तसाच पुढे ढकलला, एवढाच त्याचा अर्थ.

डाउरी आपल्याला कुणी शिकवायला नको. बापाने लेकीबरोबर पाठवलेला पैसा, भांडीकुंडी, गुरंढोरं. अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींमध्ये हा जंगम ऐवज लग्न लागताच नवऱ्याचा होई. संपलं.

डावर उलट दिशेने येई. नवरा वारल्यावर, त्याच्या स्थावरातून, कायद्याने. लग्न झाल्यापासून त्याच्या मालकीची जी जमीन होती, तिचा एक तृतीयांश. मृत्युपत्रात त्याने बायकोला फुटकी कवडी ठेवली नसली, तरी ती मृत्युपत्र नाकारून हा हिस्सा मागू शके. दुसरं लग्न केलं तरी तो जात नसे. (‘विधवा राहील तोवर’ ही अट नवरे मृत्युपत्रात घालत, ती डावरची नव्हे. हाही घोळ नेहमीचाच, पण आज त्याच्या मागे लागत नाही.)

इथवर बरोबर येऊन लोक लिहितात : ‘विधवेला तिसरा हिस्सा वारशाने मिळाला.’ घात होतो तो इथे. तिला मिळे तो तहहयात उपभोग. उत्पन्न तिचं, पण कायमचं विकता येत नाही, मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही, गरजेपलीकडे झाडं तोडली तर मिळकतीची नासधूस केली म्हणून दावा. ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या वाटणीच्या कागदांत तर अमुक खोली, तळघराचा तमुक भाग, विहिरीवर जायची वाट, भट्टी वापरायची मुभा, इतकं बारीक लिहिलेलं सापडतं. घर लेकाचं, आईला त्यातून जायची वाट! आपल्याकडचं नातं शोधायचंच असेल तर हुंड्यात शोधू नका. १९३७च्या कायद्याने हिंदू विधवेला दिलेला मर्यादित हक्क आठवा, जो १९५६च्या कायद्याच्या कलम १४ने पूर्ण मालकीचा झाला. मी तरी ‘विधवेचा तहहयात हिस्सा’ असंच लिहिते. लांबलचक आहे, पण खोटं नाही.

आता मार्थाकडे. व्हर्जिनियाने १७०५मध्येच गुलामांना स्थावर ठरवलं होतं, म्हणून तेही डावरमध्ये येत. तिचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस १७५७मध्ये मृत्युपत्र न करता वारला, आणि तिसरा हिस्सा तिच्या हयातीपुरता तिच्याकडे आला. १७५९मध्ये तिने जॉर्ज वॉशिंग्टनशी लग्न केलं. कारभार त्याच्या हाती गेला, मालकी दोघांपैकी कुणाकडेच गेली नाही, ती कस्टिसच्या वारसांची राहिली. १७९९मध्ये माउंट व्हर्नन या वॉशिंग्टनच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते : १२३ वॉशिंग्टनचे, १५३ डावरचे, उरलेले बहुतेक भाड्याने आणलेले. त्याने मृत्युपत्रात आपल्या गुलामांना मुक्त केलं. डावरच्या १५३ जणांना मुक्त करणं आपल्या हातात नाही, हेही त्यातच लिहिलं. दोन्ही गटांत आपापसात लग्नं झालेली, आणि मुलं आईच्या गटात मोजली जात. म्हणजे नवरा मोकळा, बायको-पोरं कस्टिस इस्टेटीत. १८०२मध्ये मार्था गेली आणि ही माणसं तिच्या नातवंडांत वाटली गेली.

त्यामुळे ‘मार्थाने डावरचे गुलाम सोडले नाहीत’ हे वाक्य मी खोडते. जे तिचं नव्हतं ते ती सोडणार कशी? पण तिची बाजू घ्यायलाही मी तयार नाही. एक माणूस खरोखर तिच्या स्वतःच्या मालकीचा होता, त्याचं नाव इलिश. त्याला मोकळं करणं पूर्णपणे तिच्या हातात होतं. मृत्युपत्रात तिने तो नातवाच्या नावे करून दिला.