तिसरा सरेपर्यंत सांगायचं नाही?

"तिसरा सरेपर्यंत कुणाला बोलू नकोस गं, दृष्ट लागते." पाळी चुकली की घरोघरी हेच ऐकू येतं. माझ्या जावेने तर फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवल्या होत्या. फोडणीचा वास आला की मोरीकडे धावायची आणि "पित्त झालंय" म्हणायची.

सांगितल्याने गर्भ पडत नाही. बहुतेक गर्भपात पहिल्या 12 आठवड्यांतच होतात, हे खरं, आणि त्यामुळेच हा समज टिकला असावा. पण त्यातल्या जवळपास निम्म्या वेळा कारण असतं गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष, जो बहुधा गर्भ राहतानाच ठरलेला असतो. शेजारणीची नजर, जिना चढणं, ऑफिसला जाणं, यांचा त्याच्याशी काही संबंध नाही.

लपवण्याने नुकसान मात्र होतं. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत जुळून बंद होते. ती नीट जुळावी म्हणून फॉलिक अ‍ॅसिड लागतं ते तेव्हा, खरं तर त्याआधीपासूनच. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात नोंदणीही 12 आठवड्यांच्या आत व्हायला हवी.

कुणाला कधी सांगायचं, हे तिनेच ठरवावं. गप्प राहावंसं वाटलं तर तेही ठीक. पण काही बिघडलंच, तर "कुणाला सांगितलं होतंस?" असं तिला कृपा करून विचारू नका.

जावेला सातव्या आठवड्यात रक्तस्राव सुरू झाला. घरात कुणालाच काही माहीत नव्हतं. त्या दिवशीही पाणी तिनेच भरलं.