सोलापुरी टॉवेल आणि युरोपचे आयातशुल्क : पार्श्वभूमी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागावर विणलेला टेरी टॉवेल युरोपीय संघात पोहोचतो, तेव्हा त्यावरील मूळ आयातशुल्क 12 टक्के असते. विकसनशील देशांसाठीच्या सामान्य सवलतीतून भारताला बरीच वर्षे त्यात थोडीशीच सूट मिळाली, तर बांगलादेशाचा टॉवेल 2001 पासून आणि पाकिस्तानचा 2014 पासून शुल्काविना आत जात आला. सोलापुरी चादर आणि टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पण शुल्क ठरवताना ते कामी येत नाही. हा फरक विणकरांच्या हाताने नव्हे, राजकारणाने पाडलेला आहे.

1974 च्या बहुतंतू करारानुसार श्रीमंत देश कोणत्या देशातून किती कापड घ्यायचे याचा कोटाच ठरवत असत. ही व्यवस्था 1 जानेवारी 2005 रोजी पूर्णपणे संपली. कोटा गेल्यावर शुल्कातील सवलतीचे महत्त्व वाढले, आणि ती कोणाला द्यायची हा परराष्ट्र धोरणाचा प्रश्न बनला.

याचे सर्वांत ठळक उदाहरण सोलापूरच्या थेट स्पर्धकाचे आहे. अमेरिकेवरील सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर पाकिस्तानचे सहकार्य पाश्चात्त्य देशांना हवे होते. अशा काळात, अमली पदार्थांविरुद्ध लढणाऱ्या देशांसाठी असलेल्या विशेष सवलतीच्या यादीत युरोपीय संघाने 2002 मध्ये पाकिस्तानचा समावेश केला. भारताने त्याच वर्षी जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. एप्रिल 2004 मध्ये अपील मंडळाने निकाल दिला की, गरजू देशांना वेगळी वागणूक देता येते, परंतु निवडीचे निकष वस्तुनिष्ठ हवेत आणि यादी बंद, म्हणजे नव्या देशांना वाव नसलेली, नको. भारत जिंकला, आणि तो जिंकायलाच हवा होता. मात्र त्यानंतर युरोपने मानवी हक्क, कामगार, पर्यावरण यांविषयीच्या 27 आंतरराष्ट्रीय करारांशी जोडलेली नवी योजना आणली आणि 1 जानेवारी 2014 पासून पाकिस्तानला त्याच योजनेतून सवलत मिळाली. न्यायालयीन विजयाचा लाभ यंत्रमागापर्यंत पोहोचलाच नाही, ही बाब आजही सलते.

उरला मार्ग द्विपक्षीय कराराचा. भारत आणि युरोपीय संघ यांच्या वाटाघाटी 2007 मध्ये सुरू झाल्या आणि मोटारी, मद्य, सेवा क्षेत्र यांवरील मतभेदांमुळे 2013 मध्ये थांबल्या. 2022 मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या त्या चीनवरील अवलंबित्व कमी करण्याच्या इच्छेतून. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क 50 टक्क्यांपर्यंत नेल्यावर त्यांना अधिक वेग आला. 27 जानेवारी 2026 रोजी नवी दिल्लीत वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा झाली.

तथापि घोषणा आणि अंमलबजावणी यांत अंतर असते. 2016 मध्ये बेल्जियममधील वालोनिया या एका प्रांताच्या संसदेने युरोपीय संघाचा कॅनडाबरोबरचा व्यापार करार काही आठवडे रोखून धरला होता. म्हणून युरोपीय संघ आता गुंतवणूक संरक्षणाचा भाग वेगळा ठेवून केवळ व्यापाराचा करार करू पाहतो, कारण अशा कराराला प्रत्येक सदस्य देशाच्या संसदेची संमती लागत नाही. युरोपीय संसदेची मात्र लागतेच.