भिरभिरीमागचा हिशोब: फुलपाखराचं उडणं कसं उलगडत गेलं

कुंडीतल्या कढीपत्त्यावर ऊन चढलं की एक काळं फुलपाखरू येतं. मागच्या पंखांच्या मधोमध पांढरा डाग, कडेला लाल चंद्रकोरी. ते निवांत बसत नाही. पंखांची फडफड चालूच ठेवून पुढच्या पायांनी पानावर टकटक करतं, पान पटलं नाही की दुसऱ्यावर जातं, आणि शेवटी एका कोवळ्या पानाशी पोट वाकवून मोहरीएवढं पिवळसर अंडं चिकटवून निघून जातं. ही कॉमन मॉर्मनची मादी. तिला पायांनी चव कळते, ती टकटक म्हणजे पान चाखून बघणं. आपल्याला मात्र वाटतं, वाऱ्याने लोटलेलं एक पाखरू चुकून आपल्या गॅलरीत आलं.

या उडण्याला आपण भिरभिरणं म्हणतो आणि एका जागी न टिकणाऱ्या माणसालाही फुलपाखरू म्हणतो. त्या उडण्याला ना दिशा ना हेतू, हे आपण धरूनच चाललेलो असतो. या भिरभिरीच्या एकेका हेलकाव्याचं कारण शोधण्यात काही माणसांनी उमेदीची वर्षं घातली. त्यांची ही हकिकत दीडशे वर्षांहून जुनी आहे.

एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाला हालचाल कागदावर उतरवायचा ध्यास होता. नाडीचे ठोके, माणसाचं चालणं, घोड्याचं धावणं, सगळं. 1860 च्या दशकाच्या अखेरीस तो कीटकांकडे वळला. काजळी धरवलेलं नळकांडं फिरत ठेवायचं आणि चिमट्यात धरलेल्या कीटकाच्या पंखाचं टोक त्याला जेमतेम टेकवायचं. दर फडक्यागणिक काजळीत एक ओरखडा उमटायचा. मग बसून ओरखडे मोजायचे. घरमाशीचे सेकंदाला 330 निघाले, मधमाशीचे 190, गांधीलमाशीचे 110, चतुराचे 28. कोबीवर येणाऱ्या पांढऱ्या फुलपाखराचे निघाले फक्त 9. गांधीलमाशीच्या पंखाच्या टोकाला त्याने सोन्याच्या वर्खाचा कण चिकटवला आणि ती उन्हात धरली, तेव्हा त्या चकाकत्या कणाने हवेत इंग्रजी आठाचा आकडा काढलेला दिसला. म्हणजे पंख नुसता वर-खाली होत नाही, जाता-येता कललेलाही असतो.

तो 9 चा आकडा मला फार बोलका वाटतो. पंख अंगाच्या मानाने अवाढव्य, अंग हलकं आणि फडके सावकाश. त्यामुळे एका फडक्याला अंग वर उसळतं आणि पुढचा येईतो खाली बसतं. माशीच्या बाबतीत हे उसळणं-बसणं इतकं झटपट होतं की डोळ्याला सरळ रेघच दिसते. फुलपाखराचा मात्र प्रत्येक हेलकावा आपल्याला सुटा दिसतो.

पण एवढ्या सावकाश फडक्यांवर ते हवेत टिकतं कसं? विमानाच्या पंखाचं गणित इथे पुरत नव्हतं. 1973 मध्ये टॉर्केल वाइस-फॉग या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने एका अगदी बारीक परजीवी गांधीलमाशीत एक युक्ती दाखवून दिली. ती दोन्ही पंख पाठीवर टाळीसारखे मिटते आणि पुढच्या कडेपासून झटक्यात उघडते. उघडताना मधल्या फटीत हवा ओढली जाते आणि पंखांभोवती भोवरा लगेच सुरू होतो. त्याचा विद्यार्थी चार्ल्स एलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये मोठ्या हॉकमॉथ पतंगाच्या पंखाच्या पुढच्या कडेला चिकटून राहणारा भोवरा धुराच्या मदतीने दाखवला. तो भोवराच पंखाला वर खेचत होता.

हे सगळं चाललं होतं माश्यांवर आणि पतंगांवर. खुद्द फुलपाखराची पाळी आली 2002 मध्ये, ऑक्सफर्डला. रॉबर्ट स्रिगली आणि एड्रियन थॉमस यांनी रेड अॅडमिरल जातीच्या फुलपाखरांना विंड टनेलमध्ये कृत्रिम फुलांपर्यंत जायला-यायला शिकवलं. विंड टनेल म्हणजे ठरावीक वेगाने हवा वाहणारा बोगदा. त्या हवेत धुराच्या बारीक रेघा सोडल्या आणि मोकळ्या उडणाऱ्या पाखराभोवती त्या कशा वळतात याची जलद छायाचित्रं घेतली. कीटकाला बांधून घातलं नाही, हे महत्त्वाचं. एखादी खास युक्ती सापडेल या अपेक्षेने बघणाऱ्यांना इथे युक्त्यांचा अख्खा बटवा सापडला. पुढच्या कडेचे दोन तऱ्हांचे भोवरे, टाळी-उघड, आधीच्या फडक्याने ढवळलेल्या हवेचा पुढच्या फडक्यात उपयोग, पंख वर नेताना कधी जोर लावणं तर कधी नुसतेच उचलणं. आणि लागोपाठच्या दोन फडक्यांत युक्ती बदललेली. भिरभिर अस्ताव्यस्त दिसते ती त्यामुळेही. पाखरू दर क्षणी वेगळी निवड करत असतं.

टाळीचा उरलेला भाग स्वीडनच्या लुंड विद्यापीठात 2021 मध्ये उलगडला. तिथल्या संशोधकांनी सिल्व्हर-वॉश्ड फ्रिटिलरी ही नारिंगी, ठिपकेदार फुलपाखरं उडताना टिपली. टाळी वाजताना पंख पाटीसारखे सपाट नसतात, ओंजळीसारखे वळतात आणि मधली हवा मागे फेकतात. मग त्यांनी यांत्रिक पंखांच्या दोन जोड्या केल्या, एक ताठ आणि एक लवचीक. लवचीक जोडीने 22 टक्के जास्त रेटा दिला आणि तिची कार्यक्षमता 28 टक्क्यांनी जास्त भरली.

मागचे पंख कशाला असतात, याचं उत्तर त्याआधी, 2008 मध्ये, अमेरिकेत मिळालं होतं. ते कापून टाकले तरी फुलपाखरं आणि पतंग उडत राहिले, पण झटकन वळणं, गिरक्या घेणं त्यांना जमेना. मागे पक्षी लागला तर जीव वाचतो तो या गिरक्यांवर.

इथपर्यंत झालं उडतं कसं याचं. कशासाठी, हा दुसरा धागा जवळजवळ मारेच्याच काळात ॲमेझॉनच्या जंगलात सुरू झाला होता. हेन्री बेट्स हा इंग्रज निसर्गअभ्यासक 1848 ते 1859 अशी अकरा वर्षं तिथे राहिला. भडक रंगांची काही फुलपाखरं आरामात, सावकाश उडतात आणि तरी पक्षी त्यांना धरत नाहीत, हे त्याने पाहिलं. ती बेचव होती. त्यांच्यात अगदी वेगळ्या कुळातली, खाण्याजोगी फुलपाखरं त्यांचंच रूप घेऊन मिसळलेली होती. 1862 मध्ये त्याने हे मांडलं आणि पुढे त्याला बेट्सची नक्कल म्हणायला लागले.

या धाग्यातलं माझं सगळ्यात आवडतं पान मात्र नेदरलँड्समधलं आहे. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारा निको टिनबर्गन विद्यार्थ्यांना घेऊन उन्हाळ्यात हुल्सहोर्स्टच्या वाळूच्या माळरानावर जायचा. तिथे ग्रेलिंग नावाच्या तपकिरी फुलपाखरांचे नर जमिनीवर दबा धरून बसत आणि समोरून काहीही उडालं की मागे लागत. मादीच्या मागे, भुंग्याच्या मागे, पक्ष्याच्या मागे, गळणाऱ्या पानाच्या मागे, अगदी स्वतःच्या सावलीच्याही. मग या मंडळींनी कागदाची फुलपाखरं कापली, दोऱ्याने काठीला बांधली आणि गळ टाकल्यासारखी नरांसमोर नाचवली. हजारो वेळा, एकूण सुमारे 50,000 चाचण्या. त्यातून कळलं की पाठलागात नर रंग बघतच नाही. त्याला रंग दिसत नाहीत असं नाही, मध शोधताना तो निळ्या-पिवळ्याकडे बरोबर जातो. पण जोडीदारीण शोधताना गडदपणा, मोठा आकार आणि हालचाल मोजली जाते. कागद सरळ नेला तर प्रतिसाद कमी, हेलकावत नेला तर जास्त. 1942 मध्ये हे छापून आलं. भिरभिर हीच त्या नरासाठी खूण होती. भर उन्हात काठी धरून बसलेली ती तरुण मंडळी डोळ्यांसमोर आली की मला भरून येतं.

पुढे 1958 मध्ये डीटर माग्नुस या जर्मन संशोधकाने फ्रिटिलरीच्या नरांसमोर पट्टेरी नळकांडी फिरवली. पट्ट्यांची उघडझाप जितकी वेगाने, तितके नर जास्त खेचले गेले, सेकंदाला 140 पर्यंत. खरी मादी पंख हलवते सेकंदाला दहाच्या आसपास.

ऑक्सफर्डजवळच्या वायथम वुड्स या रानात जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात. स्पेकल्ड वुड जातीचा नर एक कवडसा धरून बसतो. दुसरा आला की दोघं गिरक्या घेत वर चढतात, काही क्षणांत एक जण निघून जातो. आपल्याला तो खेळ वाटतो. निक डेव्हिस यांनी 1978 मध्ये दाखवलं की दर वेळी आधीपासून बसलेलाच जिंकतो. त्याला जाळीत धरून ठेवलं, दुसऱ्याला काही सेकंद कवडशात बसू दिलं आणि मग पहिल्याला सोडलं, तर आता तो हरतो. दोघांनाही जागा आपलीच वाटावी अशी स्थिती आणली, तेव्हा गिरक्यांची झुंज नेहमीच्या दसपट लांबली. वीस वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकांनी यावर शंका घेतली. उन्हात बसलेल्याचं अंग तापलेलं असतं, म्हणून तो जिंकत असेल. शंका रास्त होती. उडण्याचे स्नायू गरम झाल्याशिवाय फुलपाखराला धड उडताच येत नाही. सकाळी पंख पसरून बसलेलं पाखरू विसावा घेत नसतं, अंग तापवत असतं.

आता पुन्हा कढीपत्त्यावरच्या त्या मादीकडे. कॉमन मॉर्मनच्या सगळ्या माद्या सारख्या दिसत नाहीत. काही नरासारख्या, काही मात्र कॉमन रोझ या वेगळ्याच फुलपाखरासारख्या. कॉमन रोझचा सुरवंट सापसणीच्या कुळातल्या विषारी वेलींवर वाढतो आणि ते विष पुढे फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी ते टाळतात. हे नकलेचं नातं आल्फ्रेड वॉलेस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने 1865 मध्येच मांडलं होतं. मादीचं रूप ठरवणारा जनुक, डबलसेक्स, 2014 मध्ये सापडला. त्या संशोधनात आपले फुलपाखरू-अभ्यासक कृष्णमेघ कुंटे अग्रभागी होते. आणि जपानी संशोधकांनी 2010 आणि 2015 मध्ये या माद्यांचं उडणं मोजलं, तेव्हा दिसलं की रोझचं रूप घेतलेली मादी पंखही रोझच्या चालीने हलवते आणि हवेतली तिची वाटही रोझच्या वाटेशी जुळते. पांढरा डाग आणि लाल चंद्रकोरी असलेली आपली मादी त्यातलीच.

भिरभिरणारी काही फुलपाखरं ऋतूनुसार लांबचा प्रवासही करतात. भारतात अशा स्थलांतराच्या नोंदी मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात जुन्या काळापासून येत गेल्या. पश्चिम घाटातले डार्क ब्लू टायगर, कॉमन क्रो आणि त्यांचे भाऊबंद जोरदार पावसाच्या आधी, एप्रिल ते जूनमध्ये, दक्षिण भारतात पूर्वेकडच्या मैदानांकडे निघतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उलटा ओघ लागतो. एरवी हीच फुलपाखरं झाडीत संथ तरंगत असतात. स्थलांतराच्या दिवसांत ती एकामागून एक, एकाच दिशेने, जवळजवळ सरळ रेघेत जाताना दिसतात.