माशाच्या काट्यावर तोललेला घुमट

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलबद्दल (मुख्य चर्चबद्दल) एक वाक्य कायम फिरत असतं: 'हा घुमट परांचीशिवाय बांधला!' ते चूक आहे. गवंड्यांना उभं राहायला फळ्या होत्याच. नव्हतं ते सेंटरिंग, म्हणजे चुना धरेपर्यंत घुमटाचा भार खालून पेलणारा लाकडी सांगाडा.

आर्नोल्फो दी काम्बिओच्या आराखड्यानुसार १२९६ मध्ये कॅथेड्रलचं काम सुरू झालं. सव्वाशे वर्षांनंतरही घुमटासाठी राखलेला मधला अष्टकोन उघडाच होता: कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुमारे ४५ मीटर, आणि जमिनीपासून पन्नास मीटरहून उंच. एवढ्या सांगाड्याला लाकूड आणायचं कुठून? १४२० मध्ये फिलिप्पो ब्रुनेल्लेस्की या मूळच्या सोनाराने सांगाड्याविनाच घुमट चढवायला घेतला.

घुमटातले विटांचे थर आतल्या बाजूला कललेले असतात. तिरक्या फळीवर ओला चुना पसरून वीट ठेवून पाहा, ती घसरते. थराचं कडं पूर्ण झालं की विटा एकमेकींना रेटून धरतात. धोका असतो तो त्याआधी. म्हणून ब्रुनेल्लेस्कीने ठरावीक अंतरावर एकेक वीट उभी बसवली. तिचं बूड खालच्या, आधीच घट्ट झालेल्या थरांत रुतलेलं. अशा दोन उभ्या विटांच्या मधे चारदोन आडव्या विटा पाचरीसारख्या अडकतात आणि तेवढा तुकडा छोट्या कमानीसारखा स्वतःला तोलतो. पुढच्या थरात उभी वीट थोडी सरकते, त्यामुळे तिरकी, मळसूत्री रेघ वर चढत जाते. इटालियन लोक तिला 'माशाचा काटा' म्हणतात.

पण कडं गोल हवं आणि घुमट तर अष्टकोनी! उत्तर जाडीत आहे. घुमटाला एकात एक अशी दोन कवचं आहेत आणि आतलं इतकं जाड आहे की त्याच्या पोटात एक अखंड वर्तुळ मावतं. कोपऱ्यांशी ते आतल्या कडेला, बाजूंच्या मध्यावर बाहेरच्या कडेला.

घुमटाचा खालचा भाग बाहेर फाकू पाहतो. बैलगाडीच्या चाकाला धाव आवळतात, तशी इथे लोखंडाने जोडलेल्या दगडी तुळयांची कडी आहेत आणि एक चेस्टनटच्या लाकडाचं.

ब्रुनेल्लेस्कीने आराखडे मागे ठेवले नाहीत, म्हणून 'हरवलेल्या गूढ विद्ये'च्या कथा पसरतात. त्यांची काही गरज नाही. ४६३ पायऱ्या चढताना दोन कवचांमधल्या अरुंद वाटेत ती उभी वीट हाताशी दिसते.

१४३६ मध्ये घुमट माथ्याशी मिटून पूर्ण झाला. पुढे त्याला भेगाही पडल्या. ऋतूंप्रमाणे त्या किंचित कमीजास्त होतात आणि आज भिंतींत बसवलेली उपकरणं ती हालचाल सतत मोजत असतात.