हायडेलबर्ग: हरलेल्या राजधानीची गोष्ट

जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या किल्ल्याचा एक बुरूज अर्धा फुटलेला आहे. ढासळून दगडांचा ढीग झालाय असं नाही. सुरुंगाने त्याची एक बाजू सुटली, आख्खीच्या आख्खी खंदकात घसरली आणि तिथेच टेकून राहिली, ती तीनशेहून जास्त वर्षं. हा दारूकोठाराचा बुरूज. भिंतीची जाडी साधारण साडेसहा मीटर. उभ्या राहिलेल्या अर्ध्यात आतले मजले आणि कमानी उघड्या पडल्यात, फणस मधोमध कापून ठेवावा तशा. नेकार नदीच्या काठी उतरून वर चढणारे बहुतेक लोक या बुरुजापुढे फोटो काढतात आणि पुढे जातात. तो फोडला कोणी आणि का, यात खरं तर निम्म्या शहराचा इतिहास आहे.

आधी एक गैरसमज. हायडेलबर्गला सर्रास ‘मध्ययुगीन शहर’ म्हटलं जातं. गल्ल्यांची आखणी जुनी आहे हे खरं, पण त्यांवरची घरं बहुतेक अठराव्या शतकातली. त्याआधीची जळाली.

शहराचा पहिला लेखी उल्लेख ११९६ चा. डोंगरातून निघालेली नेकार इथे ऱ्हाईनच्या सपाटीवर उतरते, म्हणजे जागा मोक्याची. फाल्ट्स प्रांताच्या राजांनी इथे ठाण मांडलं. हे साधेसुधे संस्थानिक नव्हते. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट निवडण्याचा हक्क ज्या सात जणांना होता, त्यांतले ते एक. १३८६ मध्ये पहिल्या रुप्रेश्टने विद्यापीठ काढलं. आजच्या जर्मनीतलं ते सगळ्यांत जुनं. त्याला निमित्त झालं पोपच्या गादीचं भांडण. १३७८ पासून एक पोप रोममध्ये आणि दुसरा फ्रान्समधल्या आविन्योंत. पॅरिसच्या विद्यापीठाने फ्रेंच पोपची बाजू धरल्यावर रोमवाल्या जर्मन पंडितांना तिथे राहणं अवघड झालं. त्यांना ठिकाण हवं होतं आणि राजाला नाव.

पुढे या घराण्याने प्रॉटेस्टंट पंथ धरला आणि शहर त्या पंथाचं बौद्धिक केंद्र बनलं. तिथूनच घात झाला. पाचव्या फ्रीडरिशचं लग्न १६१३ मध्ये इंग्लंडच्या राजकन्येशी झालं. तिच्यासाठी त्याने किल्ल्याच्या उतारावर मोठी बाग आखायला घेतली. १६१९ मध्ये बोहेमियाच्या (आजच्या चेक देशातल्या) बंडखोर सरदारांनी त्याला मुकुट देऊ केला आणि तो त्याने घेतला. कॅथलिक सम्राटाच्या दाढीला हात घालण्यासारखंच ते. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रागजवळच्या लढाईत सगळं संपलं. गादी जेमतेम एक हिवाळा टिकली, म्हणून लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘हिवाळी राजा’. बाग अर्धवटच राहिली.

१६२२ मध्ये सेनापती टिलीच्या कॅथलिक फौजेने हायडेलबर्ग घेतलं. लुटीतली सगळ्यांत मोठी गोष्ट सोनं नव्हतं, ग्रंथालय होतं. बाजारपेठेतल्या पवित्र आत्म्याच्या चर्चमध्ये, वरच्या सज्ज्यांत, हजारो हस्तलिखितं आणि छापील ग्रंथ होते. बव्हेरियाच्या राजाने ते सगळे पोपला नजर केले. ओझं कमी व्हावं म्हणून लाकडी पुठ्ठे काढून टाकले आणि खेचरांच्या तांड्यावर ते आल्प्स ओलांडून रोमला नेले. १८१६ मध्ये त्यांतली ८४७ जर्मन हस्तलिखितं परत आली. लॅटिन आणि ग्रीक हस्तलिखितं मुख्यतः व्हॅटिकनमध्येच राहिली.

आता बुरुजाकडे. यात एक बाई आहे, आणि तिची खरं म्हणजे काही चूक नाही. लीझेलोटे ही फाल्ट्सची राजकन्या. १६७१ मध्ये तिचं लग्न फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या धाकट्या भावाशी लावून दिलं. सोयरीक केली की सीमा शांत राहील, हा बापाचा हिशेब. १६८५ मध्ये तिचा भाऊ निपुत्रिक वारला आणि लुईने भावजयीच्या नावाने माहेरच्या इस्टेटीवर हक्क सांगितला. तिला कोणी विचारलंही नाही. १६८८ मध्ये फ्रेंच फौजा घुसल्या. सगळा युरोप उलटल्यावर त्यांना माघार घ्यावी लागली, तेव्हा शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून त्यांनी गावंच्या गावं जाळत नेली. १६८९ मध्ये किल्ल्याला सुरुंग लावले. १६९३ मध्ये ते परत आले आणि उरलेलं शहर जाळलं, किल्ला आणखी फोडला. व्हर्सायमध्ये बसलेली लीझेलोटे पत्रांतून लिहीत होती की आपल्या नावाने आपलाच मुलूख बेचिराख होतोय, यासाठी रडायचं नाही म्हटलं तरी ते आपल्याला जमणार नाही. फ्रेंच दरबाराची खुसखुशीत वर्णनं करणारी म्हणून ती ओळखली जाते. ही पत्रं तेवढी खुसखुशीत नाहीत.

त्या आगीतून जवळपास एकटंच वाचलेलं श्रीमंत घर म्हणजे चर्चसमोरचं ‘रिटर’. १५९२ मध्ये शार्ल बेलिए नावाच्या कापड व्यापाऱ्याने ते बांधलं. धर्मछळाला कंटाळून आलेला हा प्रॉटेस्टंट. फ्रेंचमध्ये बेलिए म्हणजे मेंढा, म्हणून दर्शनी भिंतीवर मेंढा कोरलेला. वर बायबलमधली लॅटिन ओळ: देवाने घर बांधलं नाही, तर बांधणाऱ्यांचे कष्ट फुकट. आजूबाजूची सगळी ओळ जळाली आणि नेमकं हेच दगडी घर राहिलं, तेव्हा शेजाऱ्यांना ती ओळ वाचून काय वाटलं असेल कोण जाणे.

शहर पुन्हा उभं राहिलं, पण राजधानीपण गेलं, आणि तेही एका भिंतीपायी. १६८५ नंतर गादीवर कॅथलिक शाखा आली होती, प्रजा मात्र प्रॉटेस्टंट. तोड म्हणून १७०६ च्या सुमारास पवित्र आत्म्याच्या चर्चच्या आत आडवी भिंत घातली. एका बाजूला कॅथलिक, दुसऱ्या बाजूला प्रॉटेस्टंट, छप्पर एकच. आपल्याकडे भावाभावांत वाडा वाटतात तसंच. पुढे राजा कार्ल फिलिपला सगळंच चर्च हवं झालं. लोक ऐकेनात. तो चिडला आणि १७२० मध्ये दरबार घेऊन मानहाइमला निघून गेला. भिंत राहिली, ती थेट १९३६ पर्यंत.

एका अर्थी हे बरंच झालं. राजाचा पैसा, रुंद रस्ते, नवे राजवाडे हे सगळं मानहाइमच्या वाट्याला गेलं. हायडेलबर्ग अरुंद गल्ल्यांत विद्यार्थी सांभाळत बसलं. १७६४ मध्ये किल्ल्यावर वीज पडली आणि थोडंफार दुरुस्त केलेलंही जळालं. मग गावकऱ्यांनी किल्ल्याची खाणच केली. घर बांधायचंय ना, वर जा आणि घडवलेला तांबडा दगड उतरवून आण. आज ज्या पिंपापुढे गर्दी असते, ते सुमारे सव्वादोन लाख लिटरचं लाकडी पिंप १७५१ चं. करापोटी आलेली वाइन त्यात ओतायची सोय. माझ्या मते इथली सगळ्यांत कमी महत्त्वाची वस्तू हीच.

नदीनेही आपला वाटा घेतला. १७८४ च्या हिवाळ्यात बर्फाच्या लाद्या घेऊन आलेल्या पुराने लाकडी पूल वाहून नेला. आधीचेही कित्येक असेच गेले होते. शेवटी १७८८ मध्ये दगडी कमानींचा पूल झाला. मार्च १९४५ मध्ये अमेरिकी फौज येण्याआधी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच त्याच्या कमानी उडवल्या. १९४७ मध्ये तो पुन्हा बांधून झाला. शहर मात्र बॉम्बहल्ल्यांतून जवळजवळ सुटलं होतं.

पडका किल्ला वाचवला तो एका फ्रेंच माणसाने. काउंट शार्ल द ग्राँबेर १८१० मध्ये चित्रं काढायला म्हणून आला आणि १८६४ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. त्याने दगडचोरी थांबवायला लावली, अवशेष गोळा केले, चित्रं छापून विकली. तोवर कवी-चित्रकारांना पडक्या वास्तूंची भुरळ पडली होती, आणि ओझं झालेला किल्ला पाहण्याजोगा ठरला. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाद पेटला: सगळा पुन्हा बांधायचा का? एक महाल नव्यासारखा केलाही. १९०१ मध्ये कलेतिहासकार गेओर्ग डेहिओने कडाडून विरोध केला. जतन करा, नवं करू नका, असं त्याचं म्हणणं. चौकात उभं राहिलं की दोन्ही बाजू डोळ्यांसमोर येतात. समोर चौथ्या फ्रीडरिशचा डागडुजी केलेला महाल, उजवीकडे ओटहाइनरिशच्या महालाची पुतळ्यांनी भरलेली भिंत, जिच्या वरच्या खिडक्यांतून मागचं आकाश दिसतं. रायगडावर काय बांधावं आणि काय बांधू नये यावर तावातावाने बोलणाऱ्याने या चौकात दहा मिनिटं काढावीत.

विद्यापीठाचीही पडझड झाली, फक्त दगडांत दिसत नाही. नव्या इमारतीच्या दारावर ‘जिवंत चैतन्यास’ असं कोरलं होतं. शब्द ज्यू प्राध्यापक फ्रीडरिश गुंडोल्फचे. नाझींनी ‘जिवंत’ काढून ‘जर्मन’ घातलं आणि ज्यू प्राध्यापकांना घालवलं. युद्धानंतर जुना शब्द परत आला.

१९०७ मध्ये महंमद इक्बाल इथे जर्मन शिकायला आले होते. नेकारकाठच्या संध्याकाळीवर त्यांची कविता आहे, आणि काठावरच्या एका रस्त्याला त्यांचं नाव. आपला धागा नंतरचा आहे. १९६२ मध्ये विद्यापीठात दक्षिण आशिया संस्था सुरू झाली. तिथले गुंथर सोन्थायमर मराठी शिकले, पुण्याला येऊन राहिले, धनगरांच्या वाड्यांवर हिंडले आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबाच्या ओव्या ध्वनिफितींवर उतरवून घेतल्या. १९९२ मध्ये ते गेले. ज्या गावाची पुस्तकं खेचरांवर लादून नेली होती, त्या गावात जेजुरीवर शिकणारी मुलं अशी तयार झाली.